तिसरं नको

उत्तरा खानोलकर गेली बावीस वर्षं लोकांना नको म्हणू देत नाही, आणि त्याचाच पगार घेते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमचं ऑफिस आहे. वीजकेंद्रांमधली टर्बाइन काही वर्षांनी उघडतात, तेव्हा ती तपासायला बाहेरचा जाणकार माणूस लागतो. आपलंच यंत्र आपणच पास केलं तर ते बरं दिसत नाही, म्हणून. असा माणूस आम्ही पुरवतो. माणूस शोधायचा, पटवायचा आणि धाडायचा हे उत्तराचं काम; त्याचं तिकीट, गेस्ट हाऊस आणि पथ्यपाणी माझं. मी लता. तिच्या शेजारच्या टेबलावर सतरा वर्षं बसते, तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

उत्तरा इंजिनियर नाही. बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा ही कॉलेजात होती, आणि मिळेल ती नोकरी धरायची म्हणून इथे चिकटली. पण जाणकारांचे रिपोर्ट टाइप करून करून आज तिला टर्बाइनचं इतकं कळतं की नवे इंजिनियर तिच्यापुढे जरा सांभाळून बोलतात. तिने आयुष्यात एकही टर्बाइन प्रत्यक्ष बघितलेलं नाही. कोणी तिला चल म्हटलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

आमचे जाणकार म्हणजे बहुतेक निवृत्त माणसं. कोणाचा मोतीबिंदू झालेला, कोणाची नात दहावीला, कोणी नुकतंच बायकोला काशीला न्यायचं कबूल केलेलं. फोन केला की आधी सगळे नकोच म्हणतात. यावर उत्तराची एक थिअरी होती. ती म्हणायची, "लते, हे पंगतीतलं नको आहे गं. पहिलं नको रीतीचं, दुसरं मानाचं. तिसऱ्यांदा वाढायला गेलं की ताटावरचा हात बाजूला होतो." आणि व्हायचाच. तिसऱ्या फोनला माणूस म्हणायचा, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर."

पण दिवसभर असं आग्रहाचं बोलायचं म्हणजे खायचं काम नाही. संध्याकाळी तिच्याकडे बघवायचं नाही. कांदिवलीला घरी पोचली की ती कोणाशी बोलायची नाही, चहासुद्धा खुणेने मागायची. तिची लेक गंधाली एकदा मला म्हणाली, "मावशी, आई घरी येते ती संपूनच येते." मला फार वाईट वाटलं, कारण त्या संपण्यातला शेवटचा तास रोज माझ्यासमोरच जायचा.

या सगळ्या जाणकारांत दामलेसाहेब वेगळे. मार्तंड दामले, वय एकाहत्तर, राहणार मुलुंड. चाळीस वर्षं टर्बाइनवर काढलेली. तपासणीला हल्ली रंग लावून तडे शोधतात, यंत्रं लावतात, ते सगळं होतंच. पण दामलेसाहेब प्रत्येक पात्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं की तिथे काहीतरी आहे. त्यांचा रिपोर्ट मराठीत, वहीच्या पानावर, पेन्सिलीने. त्या पानांचे फोटो ते उत्तराला पाठवायचे आणि ती ते इंग्रजी फॉर्मवर चढवायची. पात्याच्या नंबरापुढे ते लिहायचे, "नख फिरवलं, ठीक." जिथे हात पोचला नाही तिथे नुसतं "पाहिलं." एवढ्या वर्षांत "पाहिलं" असं त्यांनी पाच-सहा वेळाच लिहिलं असेल. आणि फॉर्मवर मात्र दोन्हींना एकच शब्द होता, इन्स्पेक्टेड.

गेल्या फेब्रुवारीत विदर्भातल्या एका केंद्राचं काम आलं. त्यांनी पत्रात दामलेसाहेबांचंच नाव घातलं होतं. उत्तराने फोन लावला. साहेब म्हणाले, "नको गं आता." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नको, उत्तरा." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, तुमच्याशिवाय मी कोणाचं तोंड बघू?" मग त्यांनी गाडी किती वाजताची ते विचारलं. उत्तराने फोन ठेवून माझ्याकडे बोटाने खूण केली, तिकीट काढ. मी खालचा बर्थ मिळाला म्हणून खूश.

साहेब गेल्याच्या पाचव्या दिवशी, बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला वहीच्या पानांचे फोटो आले. उत्तरा टाइप करायला बसली. थोड्या वेळाने टाइपिंगचा आवाज थांबला. मी बघितलं तर ती मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघत होती.

"लते, हे बघ ना. रोटरच्या पात्यांना सगळीकडे नख आहे. खालच्या पोकळीतल्या पात्यांना एकालाही नाही. सगळीकडे पाहिलं, पाहिलं, पाहिलं."

"मग? पाहिलं तर पाहिलं."

"साठ पात्यांना?" ती म्हणाली. टर्बाइनचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, उचलून बाजूला काढला की त्याच्या खाली पोकळी उरते. तिच्यात उतरून, उकिडवं बसून कडेची पाती बघावी लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रोटर परत खाली बसणार होता. मग ती पाती पुढची चार वर्षं कोणाला दिसणार नव्हती, आणि यंत्राच्या आसपास माणसं पाळीपाळीने काम करत राहणार होती.

तिने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. ते परतीच्या गाडीत बसायच्या बेतात होते.

"काका, खाली उतरला नाहीत?"

"नाही."

"का हो?"

"गुडघा वाकला नाही. वरून टॉर्च मारून बघितलं. आणि हात कापतो आता माझा, नखाला काही कळत नाही."

"मग तिथे सांगायचं ना."

"तिथे पंचवीस-तीस पोरं मागे हात बांधून उभी असतात गं, सर सर करत. नाही सांगता आलं. तुला लिहून पाठवलं."

उत्तराने फोन ठेवला. तिला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. मला सरळ साहेबांचा आला होता. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःचं ओझं एका टाइप करणारीच्या डोक्यावर ठेवून गाडीत बसला.

मालक अनिरुद्ध, वय चौतीस, वडिलांनंतर धंदा बघतो. वाईट मुलगा नाही, घाईतला आहे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉर्मवर एकच शब्द आहे ना? तोच टाका. पाहिलं काय नि तपासलं काय, तिकडे कोण वाचतंय?"

"मी वाचलंय," उत्तरा म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात त्राणच नव्हतं. ती जागेवर आली, साठ पात्यांपुढे टाइप केलं की ही फक्त दुरून पाहिली आहेत, तपासलेली नाहीत, आणि केंद्राच्या इंजिनियरला फोन केला. तो दहा मिनिटं तोंडाला येईल ते बोलला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "साहेब, रोटर खाली बसवू नका," आणि मान टेबलावर टेकली.

रोटर थांबला. आम्ही आमच्या दुसऱ्या एका जाणकाराला, सुयोगला, धाडलं. वय अडतीस, दोन्ही गुडघे शाबूत. शुक्रवारी तो खाली उतरून चार तास बसला, रंग लावून एकेक पातं बघितलं. काही सापडलं नाही. एक ओरखडासुद्धा नाही. यंत्र दोन दिवस उशिरा सुरू झालं आणि सोमवारी केंद्राचं पत्र आलं, की श्री. दामले यांना यापुढे पाठवू नये. अनिरुद्धने पत्र उत्तराच्या टेबलावर ठेवलं. जाणकारांची यादी तिच्याकडे असते. तिने नाव काढलं, आणि ते फोनवर सांगायचं नाही म्हणून मला घेऊन मुलुंडला गेली.

साहेबांनी दार उघडलं आणि आधी तेच विचारलं, "काही सापडलं?"

"नाही, काका. सगळं ठीक होतं."

आठ दिवस झोप नसावी असा तो चेहरा एकदम उजळला. "म्हणजे डोळ्याने बरोबर दिसलं होतं मला!" त्यांनी आम्हाला बसवलं, आत जाऊन स्वतः लाडू आणले. म्हणाले, डॉक्टरला भेटून आलोय, गुडघ्यात इंजेक्शन देतात म्हणे, पावसाळ्यानंतर तयार होईन. "पुढचं काम असेल तर सांग."

"नको, काका," उत्तरा म्हणाली.

"अगं, भिडेखातर म्हणू नकोस. तेव्हा घाबरलो होतो मी, म्हणून नको म्हणत होतो. आता तसं नाही."

"नको, काका. आराम करा."

ते हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. पंगतीत आपण नको म्हटल्यावर वाढणारा माणूस असाच हसतो. "ऑक्टोबरात फोन कर," ते म्हणाले, "बॅग भरून ठेवतो."

उत्तराने हातातला लाडू बशीत ठेवला. "काका, यादीतून तुमचं नाव काढलंय. मीच काढलं."

साहेबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग, अजिबात न रागावता, एखादी साधी शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मग मी नको म्हणत होतो, तेव्हाच का नाही काढलंस?"