निवेदिकेनं घेतलेलं नाव
ट्रान्झिस्टरचं जुनं चामडी कव्हर परवा कपाटात सापडलं आणि त्याच्या वासानं नेसरीतली ती संध्याकाळ आठवली. सरहद्दीवर लढाई सुरू होती, फौजेतल्या वडिलांचं दीड महिना पत्र नव्हतं. रेडिओचे सेल आम्ही दिवसभर उन्हात ठेवायचो आणि संध्याकाळी फक्त फौजींच्या फर्माइशी ऐकायचो. त्या दिवशी निवेदिकेनं वडिलांचं नाव घेतलं, हुद्द्यासकट, सावकाश. आई जे नाव कधी घेत नव्हती, ते मुंबईत बसलेली एक अनोळखी बाई साऱ्या देशाला ऐकवत होती. भाकरी थापणाऱ्या आईनं पिठाच्या हातानंच डोक्यावर पदर ओढला, जणू वडील दारात उभे होते. मग ती आजोबांना हळूच म्हणाली, "फर्माइशीची चिठ्ठी लई आधी टाकली असंल, मामंजी." "असू दे. नाव तर घेतलंय की तिनं," आजोबा म्हणाले. एरवी सेल वाचावेत म्हणून गाण्याला आवाज बारीक करणाऱ्या आजोबांनी ते गाणं पूर्ण आवाजात वाजू दिलं. वडील पुढं सुखरूप परतले. आता कोल्हापुरात मीही माइकसमोर बसून फर्माइशी वाचते. वेळ कितीही कमी असला तरी नावं घाईनं वाचत नाही. कुठंतरी कुणी पदर सावरत असेल.