ट्रामवाल्याची आक्का

बेळगावला लागून असलेल्या आमच्या शहापुरात, समोरच्या घरातल्या आक्कापुढं अनोळखी राहणं आजवर एकाही माणसाला जमलेलं नाही. सांबऱ्याचा एक गाडीवान एकदा वाट चुकून आमच्या विणकर गल्लीत शिरला. त्यानं गावाचं नाव उच्चारायचा अवकाश, आक्कानं त्याच्या मावशीचं सासर, त्या सासरच्या थोरल्या दिराचं पोटाचं दुखणं आणि त्यावर कुणी दिलेलं औषध इथपर्यंत सगळं उकरून काढलं. बिचारा जेवूनच गेला. त्याच्या बैलांनासुद्धा तिनं पाणी पाजलं, आणि बैल कुठल्या बाजारातले हेही विचारून घेतलं. ज्याला मराठी कळत नाही त्याला कन्नड कळतंच, असा तिचा सिद्धांत होता. बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या सोल्जराला तिनं कन्नडात वाट सांगितली होती आणि तो बरोबर पोचला, असं ती शपथेवर सांगे. तो कुठं पोचला याची मात्र कुणी चौकशी केली नाही.

दुसरी खोड कापडाची. आयुष्य मागावर गेलेलं; त्यामुळं बाई समोर आली की आक्का आधी तिचा पदर बघे आणि मग चेहरा. नुसता बघे असंही नाही, हातात घेऊन उलटा करून बघे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तिनं नवरीच्या शालूचा काठ उलटला आणि 'हितं धागा सुटलाय' असं भटजीपेक्षा मोठ्या आवाजात जाहीर केलं होतं.

आक्काला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला. होता तो एक धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. त्याचं मागावर काही केल्या मन लागेना, म्हणून तो मुंबईला गेला आणि काही वर्षांनी चक्क ट्रामचा ड्रायव्हर झाला. तेव्हापासून गल्लीला सुख उरलं नाही. त्याचा खाकी कोट, त्यावरची पितळी बटणं, पायानं वाजवायची घंटा, हे सगळं आम्हाला आक्काच्या तोंडून पाठ झालं. गल्लीत जिनं ट्राम पाहिली नव्हती अशी म्हातारीसुद्धा ती कुठं वळते ते सांगू शकली असती.

मग एका वर्षी त्याचा निरोप यायचा थांबला. दिवाळी गेली, होळी आली, तरी काही नाही. त्याच सुमारास मी मुंबईत गिरगावातल्या एका कापडदुकानात कारकुनी करत होतो. एके सकाळी खोलीचं दार उघडतो तो बाहेर आक्का उभी. डोक्यावर गाठोडं, त्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझा पत्ता तिनं कसा शोधला हे विचारण्यात अर्थ नव्हता. चाळीतल्या निम्म्या बिऱ्हाडांची गावं तोवर तिला कळलेली होती.

मी म्हणालो, ट्रामच्या कचेरीत जाऊन विचारू. ती ठाम नाही म्हणाली.

"हापिसात मेलेल्या माणसाचं सांगत्यात रं. जित्या माणसाचं रस्त्यावरच कळतंय."

मग दुकानातून सुटलो की आम्ही ट्राममधून हिंडू लागलो. ड्रायव्हरशी बोलू नये असा नियम होता. आक्का नेमकी त्याच्या पाठीशी जाऊन उभी राही आणि गाव विचारी. सातारचे, रत्नागिरीचे, जुन्नरचे असे किती ड्रायव्हर आणि कंडक्टर तिनं धुंडाळले असतील. एका उत्तरेकडच्या कंडक्टरला तिनं सगळी हकीगत कन्नडात सांगितली, त्यानं हिंदीत उत्तर दिलं, आणि दोघंही समाधानानं मान डोलावून वेगळे झाले. एकदा तिनं शेजारी बसलेल्या पारशी बाईचा रेशमी पदर उलटा केला. मी खिडकीबाहेर बघत, या बाईशी आपला काही संबंध नाही असा चेहरा केला. पण थोड्या वेळानं पाहतो तर ती पारशी बाई आपली किनार आक्काला स्वतःहून दाखवत होती.

हळूहळू रस्त्यावरचे ट्रामवाले आम्हाला ओळखू लागले. आक्का दिसली की ड्रायव्हर लांबूनच मान हलवी: नाही, अजून काही कळलं नाही. अशी मान हलली की आक्का पुढच्या ट्रामची वाट बघू लागे.

एका संध्याकाळी भायखळ्याजवळ आमच्या ट्रामसमोर हातगाडी आली. घंटा खणखणली, ब्रेक कचकन लागला, उभी माणसं एकमेकांवर आदळली. झालं काहीच नव्हतं. पण आक्कानं माझा हात घट्ट धरला होता. खाली उतरल्यावर तिनं मला हळू आवाजात सांगितलं, की संकेश्वरच्या एका माणसानं बाजारात बातमी आणली होती. मुंबईत ट्राम गाडीवर आदळली, आपल्याकडचा एक ड्रायव्हर गेला. नाव त्याला ठाऊक नव्हतं. आक्कानं ते गल्लीत कुणालाही सांगितलं नव्हतं. माग बंद केला आणि आगगाडीत बसली.

त्यानंतर तिच्या चौकशांना मला लाज वाटेनाशी झाली. मीही विचारू लागलो.

आणि मग लालबागच्या थांब्यावर एक सातारकडचा ड्रायव्हर आला, त्यानं मान हलवली नाही. तो गाडीवरून वाकून म्हणाला, "आक्का, तुमचा भाऊ परळच्या नाक्यावर हाय. पर आता गाडीवर न्हाय."

तिनं शेवटचे शब्द तेवढे ऐकले आणि ती मटकन फुटपाथवर बसली. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. भाऊ धडधाकट आहे, रूळ साफ करायच्या कामावर आहे, हे त्यानं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि आम्हाला त्याच ट्राममध्ये चढवलं.

परळच्या नाक्यावर एक माणूस रस्त्याच्या मधोमध ओणवा होऊन लोखंडी सळीनं रुळाच्या खाचेतला चिखल काढत होता. बाजूला झाडू. बटणांचा कोट नव्हता. आक्का अगदी जवळ जाईपर्यंत त्याला ओळख पटली नाही. पटली तेव्हा त्यानं पळायला वाट शोधली. पण मागं ट्राम, पुढं बैलगाडी. मग तो तसाच खाली मान घालून उभा राहिला.

"डोळं गेलं गं आक्का. लांबचं दिसंना. गाडीवरनं उतरवलं. कुठल्या तोंडानं तुला सांगू?"

आक्कानं त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. खांदे चाचपले, डोक्यावरून हात फिरवला.

"मी तुझं मढं बघायला आलते रं," ती म्हणाली. "तू झाडू घिऊन हुबा हाईस. आता मला काय बी सांग."

मागच्या ट्रामची घंटा वाजत होती. ड्रायव्हरनं बहुधा पाहिलं असावं, कारण घंटा मधेच थांबली. त्या संध्याकाळी फुटपाथवर बसून आक्कानं भावाबरोबर चटणीभाकरी खाल्ली, ती इतकी, की इतके दिवस ही बाई नुसतं खाल्ल्याचं नाटक करत होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खूप दिवसांनी मीही त्या रात्री निवांत झोपलो.

शहापूरला परतल्यावर तिनं गल्लीला सांगितलं, की भावाला बढती मिळालीय. 'त्यानं वाट साफ केल्याबिगर मुंबैची ट्राम जाग्यावरनं हलत न्हाय.' सुटीत गेलो तेव्हा गल्लीनं मला साक्षीला बोलावलं. मी म्हणालो, व्हय. तसं पाहिलं तर त्यात खोटं काय होतं?

आता तो मुंबई सोडून आक्काकडेच राहतो. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. मागल्या सुटीत दुपारी मी बाहेर आलो तर दोघं ओट्यावर बसली होती आणि आक्का त्याला रस्त्यावरचं सांगत होती. खडेबाजाराकडून सुताच्या गाड्या आल्या, मागून शाळेतली पोरं आली, कुणाच्या तरी लेकीची पाठवणी चाललीय, हिरवी साडी आहे, काठ बरा आहे. तो हसून कान देऊन ऐकत होता, मधेच कुठली लेक म्हणून विचारत होता.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढं सांगू लागली. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पायरीवर बसून ती वरात जाईपर्यंत ऐकत राहिलो.