सासूबाईंनी वर बघितलं तेव्हा

गौतमरावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून लातूरच्या फोटोवाल्या मंडळींनी हा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि मीही काही सांगावं असा मला उमरीला निरोप धाडला. मला अक्षर येत नाही. शेजारची अंगणवाडीची ताई लिहून घेते आहे. तिला बजावलं आहे, गौतमरावांना मान द्यायचा तेवढा दे, पण माझं बोलणं फार धुऊन काढू नको. या ग्रंथात बाकी सगळे त्यांचे शिष्य आहेत. मी त्यांचं गिऱ्हाईक, आणि तेही कटकटी.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती माझ्या मालकांच्या मयताच्या दिवशी. बहात्तरचा दुष्काळ होता. आम्ही दोघं नवराबायको नालाबंडिंगच्या, ओढ्यानाल्यांना बांध घालायच्या सरकारी कामावर जात होतो. तिथंच मालकांना ताप भरला आणि त्या तापातून ते उठले नाहीत. आमचा एकुलता मिलिंद तेव्हा अंगावर पीत होता. घरात मालकांचा एकही फोटो नव्हता. धाकटे दीर मिळेल त्या गाडीनं मुदखेडला गेले आणि तिथल्या फोटोवाल्याला घेऊन आले. ते हे गौतमराव. विशी ओलांडलेले, अंगानं काडी. रडणाऱ्या बायकांतून वाट मागायचीही त्यांना लाज वाटत होती. घरात अंधार, म्हणून मालकांना बाहेर लिंबाच्या सावलीत आणून भिंतीला टेकवून बसवलं आणि त्यांनी फोटो काढला. त्या फोटोत मालक जेवून पेंगल्यासारखे दिसतात.

आता इथं एक रीत सांगायला पाहिजे, नव्या पोरांना ती माहीत नसेल. मयताचा फोटो काढला की शहरातले काही फोटोवाले त्यावर रंगानं उघडे डोळे काढून द्यायचे. आमच्या गल्लीत असे पुष्कळ फोटो होते. सगळ्यांचे डोळे एकाच हातचे, टपोरे, काजळ घातल्यासारखे. त्यामुळं गल्लीतले सगळे मेलेले लोक एकमेकांचे सख्खे भाऊ वाटायचे. तरी मलाही तसाच फोटो पाहिजे होता.

“भाऊ, डोळे तेवढे उघडून द्या,” ते छापलेला फोटो घेऊन आले तेव्हा मी म्हणाले.

“न्हाई जमायचं, अक्का.”

“का? नांदेडचा तो देतो की.”

“देतो. पण त्यानं ह्यांचे डोळे कुठं बघितले? म्या बी न्हाई बघितले. मग कुणाचे लावू?”

“तुमचे लावा,” मी रागानं म्हणाले. त्यांनी फोटो माझ्या हातात दिला आणि ते गेले.

पुढं मिलिंद चालायला, बोलायला लागला. येणारा जाणारा त्याला फोटो दाखवून सांगायचा, हा तुझा बाप. पोरगं शहाणं. त्या भिंतीखाली खेळताना ते कुजबुजत खेळायचं. दुसरी पोरं ओरडली तर त्यांच्या तोंडावर हात ठेवायचं. एकदा मला विचारलं, “आई, बाबा कवा उठणार?” मेलेल्या माणसाचं मला फार काही करता येत नव्हतं. पण पोरानं बापाला एकदा तरी जागा बघावा, एवढंच माझ्या मनानं धरलं. रंगवलेले डोळे त्याला बाप म्हणून दाखवायला जीव होईना, आणि मिटलेल्या डोळ्यांनी घर मुकं झालं होतं.

पोराला घेऊन मी मुदखेडला गेले. गौतमरावांना म्हणाले, “भाऊ, पोरगं बापाला झोपलेलाच ओळखून राहिलं.”

त्यांनी पोराकडं बघितलं. मग म्हणाले, “मालकांचे डोळे कुणावर गेले होते?”

मला सांगायचं नव्हतं, पण सांगावं लागलं. “सासूवर.”

“हायत का?”

“हायत. जातायत कुठं.”

दुसऱ्या दिवशी गौतमराव कॅमेऱ्याची पिशवी घेऊन दारात हजर. सासूबाईंनी ओळखलं, हा मयताचा फोटोवाला. फोटो काढला की आयुष्य तुटतं अशी त्यांची समजूत. शिवाय पोरगा गेल्यापासून त्यांनी मान वर करून कुणाच्या तोंडाकडं बघणंच सोडलं होतं. परक्या पुरुषापुढं तर पदर नाकापर्यंत.

“पोरापाठोपाठ मला बी टांगायला निघालीस काय गं, सुभे?”

“तुम्हाला पेलंल अशी भिंत कुठून आणू, आत्या?”

अशी आमची भाषा. तरी नातवासाठी म्हणून त्या बसल्या.

फोटोवाल्या मंडळींनी पुढचं नीट ऐकावं, यात त्यांच्या गुरूचं सगळं काम आलं. त्यांनी सासूबाईंना घरात बसवलं नाही आणि उन्हातही बसवलं नाही. वळचणीच्या सावलीत बाज टाकली, तोंड मोकळ्या अंगणाकडं केलं. समोर उन्हात एक पांढरं धोतर अंथरलं. त्याचा उजेड खालून वर पदराच्या आत गेला. मग “इकडं बघा, हसा” असं काही म्हणाले नाहीत. त्यांचा तो डब्यासारखा कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं, असा होता. म्हणजे फोटो काढणाऱ्यालाच मान खाली घालावी लागायची. ते मान खाली घालून उभे राहिले. सासूबाई मान खाली घालून बसल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघांचंही मातीत काहीतरी पडलंय आणि दोघंही हुडकतायत.

बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी सासूबाई पदराआडून हळूच म्हणाल्या, “सुभे, ह्यो उभ्यानंच झोपला का गं?” आणि खात्री करायला त्यांनी डोळे वर केले. एक भुवई जरा चढलेली, अर्धा संशय, अर्धं दाबलेलं हसू. कॅमेऱ्यात खट्ट झालं.

मी काही म्हणाले आणि मालकांना ते पटलं नाही, की ते माझ्याकडं अगदी असंच बघायचे. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. बाहेर सासूबाई गौतमरावांना विचारत होत्या, झालं का, का अजून निजायचंय.

फोटो छापून आला. कपाळ, पदर, हात सगळं मऊ, जरासं धुरकट. डोळे मात्र असे, की बाहुलीत आभाळाचा पांढरा ठिपकासुद्धा दिसतो. मालकांच्या शेजारी तो लावला. मिलिंदला म्हणाले, “हे आजीचे डोळे. पण तुझे बाबा जागे असले की असेच बघायचे.” पोरगं पुढं गेलं, मागं आलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग अंगणात पळालं आणि मित्रांना हाक मारली, अशी की शेजारीण दारात आली. घरात पोराचा आवाज त्या दिवशी सुरू झाला. सासूबाई तोंडानं म्हणत, “मेल्यानं मला माझ्याच पोराचं सोंग घ्यायला लावलं.” पण मी भाकरी थापत असले की त्या भिंतीजवळ जाऊन उभ्या राहायच्या.

त्यानंतर गौतमराव बाजारच्या दिवशी धर्माबादला, उमरीला, वाडीवस्तीवर जाऊन जित्या माणसांचे फोटो काढू लागले. मला म्हणाले होते, “जिवंतपणी काढून ठिवतो, अक्का. म्हंजे मागून कुणाचे डोळे उसने आणाय नकोत.” लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, ज्याला त्याला फोटो लागू लागला. तेव्हा ते लातूरला गेले. लोकांनी सांगितलं, महाल रंगवलेला पडदा घ्या, दिवे घ्या. त्यांनी मागच्या अंगणातली सावली तेवढी घेतली. नव्या कचेरीतला एक मोठा अधिकारी काळा चष्मा लावून आला होता, ते मी स्वतः बघितलं आहे, माझाही फोटो काढायचा म्हणून मी तिथं गेले होते. गौतमराव म्हणाले, “साहेब, चष्मा काढता का? न्हाईतर फोटो चष्म्याच्या दुकानात लावावा लागंल.” साहेबांनी काढला. ज्या बाजेवर मी बसले होते, तिच्यावरच साहेबांनाही बसवलं. सगळ्यांना एकच सावली, एकच धोतर. आणि समोर मान खाली घातलेले गौतमराव. दुसरा खाली बघतो म्हटल्यावर माणूस निर्धास्त वर बघतो, हे आपण आमच्या सासूबाईंकडून शिकलो, असं ते चार लोकांत सांगतात. सासूबाईंनी ऐकलं असतं तर त्यांना गुरुदक्षिणा मागितली असती.

आता सासूबाई नाहीत, दीर नाहीत. मिलिंद रेल्वेत, नागपूरला. मागच्या उन्हाळ्यात आला तेव्हा त्यानं आजीचा फोटो मागून नेला. त्याला नातू झालाय, त्याला दाखवायचा म्हणाला. मी दिला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, आणि शेजारी मालक, डोळे मिटून. गौतमरावांना कळलं तसा त्यांचा निरोप आला, निगेटिव्ह जपून ठेवली आहे, दुसरा छापून देतो. मी कळवलं, राहू द्या, सासूला पुन्हा घरात घ्यायची माझी तयारी नाही.

खरं म्हणजे मला फोटो नको होता, ते स्वतः यायला पाहिजे होते. त्यांच्या पत्नी गेल्यापासून गौतमरावही लातूरला एकटेच असतात. वर्षातून एखाद्या वेळी एसटीनं उमरीला येतात. मी ज्वारीची भाकरी करते. आम्ही दोघं ओसरीवर बसतो. मग ते विचारतात, “अक्का, मालक रागावल्यावर बी तसंच बघायचे का वो?” एवढ्या मोठ्या गावात असं विचारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मालकांना ज्यांनी जिवंत बघितलं, ते मी सोडून सगळे गेले. मिलिंदकडं फोटो आहे. पण सासूबाईंच्या तोंडावर मालकांचे ते डोळे खालून वर येताना बघितलेली माणसं दोनच उरली, एक मी आणि एक हे.

म्हणून मी जे मागते ते थोडं माझ्यासाठीच मागते. गौतमरावांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकलू नये. वेळेवर जेवावं. गुडघे दुखतात म्हणून उमरीला यायचं टाळू नये. त्यांना चांगलं, निरोगी, लांब आयुष्य मिळो, आणि ते माझ्याहून मोठं असो. मी गेल्यावर काही वर्षं तरी एक माणूस असा असावा, ज्याला माझा नवरा कसा बघायचा ते ठाऊक आहे.