दोन कंपन्यांचं पटत नाही

इस्पितळात सगळे त्याला केबलकाका म्हणत. त्याला ते नाव मुळीच आवडत नसे. केबलकाका म्हटलं की टीव्हीची वर्गणी मागायला दारात उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि हा तर दोन इमारतींचं अख्खं नेटवर्क सांभाळत होता. पण नेटवर्क चालू असलं की ते कोण चालवतं हे कुणाला आठवत नाही. बंद पडलं की मात्र त्याचं नाव झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ असे.

जुन्या इमारतीतले स्विच एका कंपनीचे, नव्या इमारतीतले दुसरीचे. स्विच म्हणजे कपाटातल्या चपट्या पेट्या. साऱ्या संगणकांच्या तारा शेवटी त्यांच्यात येऊन मिळतात. एकाच तारेतून नोंदणीची, प्रयोगशाळेची आणि पाहुण्यांच्या वायफायची ये-जा वेगवेगळी ठेवायची, तर गट पाडून प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागतो. त्या गटांना व्हीलॅन म्हणतात. हे दोन्ही कंपन्यांना येतं, पण रीत जिची तिची. बिनक्रमांकाचं काही आलं तर एक ते या गटात ढकलणार, दुसरी भलत्याच. नवी इमारत जोडायच्या वेळी दोघींच्या इंजिनिअरांनी हात वर केले होते आणि एकमेकांकडे बोट दाखवून घरी गेले होते. मग याने एकट्याने बसून दोन्हीकडच्या रीती जुळवल्या. घरी बायकोला हे समजावून सांगताना त्याच्या नाकी नऊ आले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दोन जावांचा स्वयंपाक एका ओट्यावर." इतकं नेमकं त्यालाही कधी सांगता आलं नव्हतं. त्या जुळवणुकीचा त्याला अभिमान होता, आणि आयुष्यात अभिमान धरण्यासारखं त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

बायकोचा धाकटा भाऊ याच इस्पितळात तळघरातल्या रेकॉर्ड रूमला होता. त्यालाही यानेच चिकटवलं होतं. मेहुणा बरीच वर्षं काही न करता मजेत होता, आणि त्याची काळजी त्याच्या ताईने वाहायची अशी त्या घरची पद्धत होती. शेवटी ताईने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, नवऱ्याने प्रशासकांपुढे शब्द टाकला, आणि मेहुणा कामाला लागला. अजून कायम व्हायचा होता.

अशात नव्या इमारतीतली नोंदणी सकाळी सकाळी बंद पडू लागली. सगळी नाही, हेच तर दुखणं. एक खिडकी चाले, शेजारची ठप्प. संगणक म्हणे नेटवर्क जोडलेलं आहे, पण नोंदणीचं पान काही उघडेना. संध्याकाळी पाहावं तर सगळं ठीक. रांग पायऱ्यांवरून बाहेर जायची, तापलेली पोरं कडेवर रडायची, आणि खिडकीतल्या बाईंना लोक वाटेल ते बोलायचे. त्या बिचाऱ्या मग केबलकाकाला फोन करून तेच सव्याज परत करायच्या.

दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर आले. आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, असं दोघांनी सांगितलं. असल्या सरमिसळीच्या नेटवर्कात हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते पेटीवरच छापून द्यावं. मग प्रशासकांनी तिघांना समोर बसवलं. हे गृहस्थ हळू बोलत, त्यामुळे जास्त भीती वाटे.

"मला कारण हवं," ते म्हणाले. "मशीन दोषी असेल तर मशीन जाईल. माणूस दोषी असेल तर माणूस जाईल, मग तो कुणाचाही असो."

दुसऱ्या दिवशी केबलकाका नोंदणी उघडण्याआधीच बंद पडणाऱ्या खिडकीपाशी जाऊन बसला. संगणक सुरू झाला की आधी मला पत्ता द्या अशी हाक मारतो, आणि जुन्या इमारतीतला सर्व्हर त्याला पत्ता देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. संगणक सुरू झाला, त्याला पत्ताही मिळाला, पण तो इस्पितळाचा नव्हता. घरगुती वायफायच्या डब्या देतात तसला होता. म्हणजे कुणी तरी तिसराच पत्ते वाटत होता, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक घेत होता.

नवे स्विच याबाबत कडक होते. भलत्या तारेवरून कुणी पत्ते वाटू लागलं तर ते अडवत. पण खरा सर्व्हर जुन्या इमारतीत, म्हणून तिकडून येणाऱ्या तारेला मोकळीक द्यावी लागली होती. ती त्यानेच दिली होती. आणि जुने स्विच इतके जुने की असली चौकशी त्यांना येतच नव्हती. तेव्हा चोर जुन्या इमारतीत होता. अशा प्रत्येक डबीला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. केबलकाकाने त्या उपटसुंभ डबीचा क्रमांक खिडकीतल्या संगणकातून काढला, जुने स्विच एकेक करून विचारले, आणि एका स्विचने सरळ सांगितलं: तळघर, रेकॉर्ड रूम.

तो जिना उतरू लागला तेव्हा खिशातला फोन थरथरला. फोन आपणहून वायफायला जोडला गेला होता. पडद्यावर त्या वायफायचं नाव म्हणून त्याच्या मुलीचं लाडाचं नाव होतं. घरातला जुना राउटर, म्हणजे असलीच वायफायची डबी, त्याने मागे मेहुण्याला देऊन टाकला होता. नाव आणि पासवर्ड बदलायचं मात्र राहून गेलं होतं. केबलकाका तिथेच पायरीवर बसला. पुढे पाहायचं काही उरलं नव्हतं.

मेहुणा स्टुलावर पाय टाकून मोबाइलवर मॅच पाहत होता. तळघरात रेंज येत नाही, म्हणून त्याने राउटर आणून कपाटामागे लावला होता. जाताना बंद करून खणात ठेवायचा. संध्याकाळी सगळं ठीक कसं, तेही कळलं. भिंतीतली तार डबीच्या एकट्या निळ्या सॉकेटमध्ये घालायची असते. ती त्याने चार पिवळ्यांपैकी एकात घातली होती, आणि डबी अख्ख्या इस्पितळाला पत्ते वाटत बसली होती.

"भावोजी, जिथं बसली तिथं घातली," तो म्हणाला. केबलकाकाने मग प्रशासकांचं बोलणं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. "ताईला काय वाटेल हो?"

स्वतःचं काय होईल हे त्याने विचारलं नाही. ताईचं नाव पुढे केलं की भावोजी विरघळतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. केबलकाकाला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्याने राउटर उपटून आपल्या पिशवीत घातला होता.

दुपारी प्रशासकांनी विचारलं, "सापडलं?"

दोन्ही इंजिनिअर त्याच्या तोंडाकडे पाहत होते. खरं कारण त्याच्या पायाशी पिशवीत होतं. ते टेबलावर ठेवलं असतं तर त्याच्या जुळवणुकीवर कुणाला बोट ठेवता आलं नसतं. त्याला बायको आठवली. भाऊ कामाला लागला त्या दिवशी ती किती हसली होती, ते आठवलं.

"दोन कंपन्यांची मशिनं आहेत, साहेब," तो म्हणाला. "त्यांचं एकमेकींशी पटत नाही."

मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं नव्या कंपनीचा इंजिनिअर ताबडतोब म्हणाला. एवढ्या मोठ्या खोटेपणाला कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आजवर प्रत्येकाने हेच कारण इतक्यांदा दिलं होतं की ते खरंच वाटायचं. जुने स्विच काढायचं ठरलं. नवी कंपनी सगळं एकाच छापाचं बसवणार आणि सांभाळायला माणसंही आपलीच देणार. केबलकाकाला नम्र शब्दांत निरोप मिळाला. निघायच्या दिवशी जुने स्विच तळघराच्या बोळात रचलेले त्याने पाहिले. प्रत्येकावर त्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी अजून होती. त्याला तिथं रडू आलं, हे त्याने घरी सांगितलं नाही.

घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं. योग्य वेळ पाहून सांगू म्हणता म्हणता मेहुणा कायम झाला आणि ती वेळ कायमची गेली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मेहुणा जेवायला आला. हात धुऊन ऐसपैस बसला आणि ताईला, भाचीला ऐकू जाईल असं म्हणाला, "भावोजींना नावं ठेवू नकोस हं, ताई. जुनं ते जुनंच. आता बघ, एकदाही बंद पडत नाही."

"मीही तेच म्हणते," बायको वाढता वाढता म्हणाली. "अहो, इतकी वर्षं तुम्ही त्यात डोकं घातलंत, आणि त्यांना ते चार दिवसांत जमलं. वेळीच सांगायचं होतंत, मला नाही जमत म्हणून."

केबलकाकाने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा भात कालवत होता. आता बोलेल, निदान मान तरी खाली घालेल, असं केबलकाकाला वाटलं. मेहुण्याने आमटी मागितली.

जाताना दारात चपला घालता घालता त्याला आठवलं. "भावोजी, तो राउटर असेल ना हो तुमच्याकडे? घरी लावीन म्हणतो."

केबलकाका आत गेला. माळ्यावरून पिशवी काढली, राउटर पुसला आणि घेऊन आला. मेहुण्यासमोर धरून त्याने निळ्या सॉकेटवर बोट ठेवलं.

"तार इथं घालायची," तो म्हणाला. "निळ्यात. पिवळ्यात नाही."

"बघ गं," बायको मुलीला हसत म्हणाली, "नोकरी गेली, पण बाबांची शिकवायची हौस काही जात नाही." मेहुणाही हसला आणि राउटर काखेत मारून जिना उतरला.