नव्या घराच्या नकाशात दुसऱ्याचा गोठा

मंडळी, मी इथं फारसं लिहीत नाही, पण आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे मिस्टर गेल्या वर्षी वारले. घरांचे नकाशे काढायचं त्यांचं काम मी आता कॉम्प्युटरवर शिकते आहे. आज सकाळी सास्तूरचे एक काका घराच्या नकाशासाठी आले. मी नवीन फाईल उघडली, तर तिच्यात आधीच एक गोठा!

काका स्क्रीनकडं वाकून म्हणाले, "ताई, घर माझं, अन् म्हशी कुणाच्या वो?"

काल मी थेट मिस्टरांच्या टेम्प्लेटमध्येच एकाचा गोठा काढून सेव्ह केला होता. टेम्प्लेट म्हणजे त्यांनी तयार ठेवलेला कोरा नमुना; प्रत्येक नवी फाईल त्याच्यावरूनच उघडते. त्यात चौकट, रेषांच्या जाड्या आणि खाली त्यांचं नाव. तो कायमचा गेला असं वाटून मला रडूच आलं.

लातूरला हेच काम करणाऱ्या नणंदेला फोन लावला. ती हसतच सुटली. "वैनी, रडू नका. आधी गोठा वेगळ्या नावानं ड्रॉइंग म्हणून सेव्ह करा. मग टेम्प्लेट उघडून फक्त गोठा पुसा. दादाचं सगळं तिथंच हाय."

खरंच, सगळं तिथंच होतं. काकाही माझ्याबरोबर हसले.

काकांच्या नकाशावर मी माझं नाव घातलं. टेम्प्लेटमध्ये मात्र मिस्टरांचंच राहू दिलं. आता प्रत्येक नव्या फाईलमध्ये ते आधी दिसणार आणि मला बदलावं लागणार. चालेल मला.

माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?