स्वस्तात पडलेला लॅपटॉप

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं असलं की मला विचारायचे. मी शिकलेला, शहरात नोकरीला. ती वस्तू वापरणार कोण, त्याला काय हवं, हे विचारायची पद्धत मात्र नव्हती.

धाकट्या बहिणीला लॅपटॉप हवा होता. पदवी हातात होती. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली की लिपिकाच्या जागेसाठी अर्ज भरता येणार होता. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाहीतर पिंपळगाव राजा गावचं स्थळ तयारच होतं. ती आमच्या धाड गावाहून जीपने बुलढाण्याला टायपिंगच्या क्लासला जायची. तिथे कॉम्प्युटर मिळायचा जेमतेम अर्धा तास, बाकी सराव घरी.

मलकापूरच्या दुकानात मी अख्खी दुपार काढली. क्लासमध्ये होती तीच सिस्टीम असलेला लॅपटॉप महाग, वर दरवर्षी अँटीव्हायरसचा खर्च. दुसरा इंटरनेटवरच चालणारा. आमच्याकडे लाइट गेली की टॉवरही जातो. तिसरा फुकटच्या सिस्टीमचा, ना परवाना, ना व्हायरस. किंमत नुसती खरेदीची बघायची नसते, पुढच्या पाच वर्षांची धरायची असते, हे मी उलट दुकानदारालाच शिकवलं. तो बिचारा मान डोलवत होता. तिसरा घेतला. मराठी टायपिंगचा कीबोर्डही मीच त्यात बसवला, तोही फुकट. केवढा हुशार मी.

आठवड्यात तिचा फोन आला. क्लासमध्ये अक्षरं जुन्या टाइपरायटरसारखी असतात, इथे भलत्याच जागी आहेत, आणि क्लासचं सॉफ्टवेअरही यावर चालत नाही. मी कामात होतो.

"मराठी म्हणजे मराठीच असते बाई," मी म्हणालो. "हात बसला की समदं जमते."

तिने पुन्हा विचारलं नाही. मोठ्या भावाला आमच्याकडे दोनदा विचारत नाहीत, आणि याचा मला तेव्हा अभिमान होता.

ती रोज तीन-तीन तास सराव करायची, हे आई कौतुकाने सांगायची. घरी जितका हात बसला, तितका क्लासमध्ये चुकू लागला. बोटं घरच्या जागेवर जायची. घरचा सराव बंद कर, असं क्लासच्या सरांनी सांगितलं तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. वेग कमी पडला, ती नापास झाली. वडील शब्दाचे पक्के. लग्नात मी जेवणाच्या पंगती सांभाळत मिरवलो.

दिवाळीला ती माहेरी आली. सहज म्हणून मी तो लॅपटॉप उघडला आणि सेटिंगमध्ये शिरलो. टाइपरायटरची मांडणी त्यातच होती. बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तेव्हा फोनवरच जरा थांबून तिला सांगितलं असतं तर तेवढ्यातच झालं असतं. मला स्वतःची किळस आली. तरी तिला दाखवलं, आणि मूर्खासारखं वर म्हणालो की मशीनमध्ये काही खोट नव्हती.

तिने एक ओळ टाइप केली. बोटं थांबत, शोधत चालली होती. मग तिने लॅपटॉप मिटला.

"समदं हिशोबात धरलं होतं भाऊ तू," ती म्हणाली. "माहं वर्षच तेवढं धरलं नाही."