फुटका कान आणि वांगेवाली माय

गिऱ्हाईक बोलू लागले की ती आधी पदर डाव्या कानामागे खोचायची आणि म्हणायची, "इकून बोल, बाबू. तिकडचं दुकान बंद हाय."

अकोल्यात आमच्या शेटजींच्या कापसाच्या वखारीसमोर ती वांगी विकायला बसे. लहानपणी तिचा उजवा कान फुटला होता. बहिरी माणसे ओरडून बोलतात असा तुमचाही समज असेल. ही मात्र हळू बोलायची. मी वखारीत कारकून होतो आणि तिची नक्कल करून हमालांना हसवायचो. माझा हा मोठेपणा आधीच सांगून टाकतो.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. वखारीत पाय ठेवायला जागा नसे. अशा गर्दीत एका सकाळी मी बोरूचे टोक कानात घालून खाजवत बसलो होतो. मागून जाणाऱ्या हमालाच्या गाठोड्याचा माझ्या कोपराला धक्का लागला. मस्तकात कळ गेली, रक्त आले आणि उजव्या कानात रातकिडे किरकिरू लागले. मग त्या बाजूचे जग कुणी गोधडीखाली दाबून टाकल्यासारखे झाले.

मी कुणालाच सांगितले नाही. ऐकून लिहिणे हेच माझे काम. ऐकू न येणारा कारकून कोण ठेवील? जे कळत नसे तिथे मी हसून मान डोलवी. शेटजींनी गाड्या बोरगावला पाठवायला सांगितल्या, मी मोरगावला पाठवल्या. वर चूक गाडीवानाची म्हणून सांगितले. शेटजींनी त्याला कामावरून काढले. लढाई जिंकल्याच्या थाटात मी वांगी घ्यायला गेलो.

ती काहीतरी बोलली. मी हसलो.

"गाडीवानाच्या घरी आज चूल पेटली नाई म्हनलं मी. तू कायले हासून राहिला?"

तिने माझ्या उजव्या बाजूकडे बोट केले. "कान फुटला तुहा. मी बी असीच हासत होती."

मग तिने मला खाली बसवून सांगितले, की तिच्या कानात ज्याने त्याने काही ना काही ओतले, तेल काय, कांद्याचा रस काय, आणि तो कायमचा गेला. मी काहीही घालायचे नाही, आंघोळीचे पाणी जाऊ द्यायचे नाही. नशिबात असेल तर पडदा आपला आपण भरून येईल.

"पर पयले शेटजीले खरं सांग," ती म्हणाली.

सांगितले. शेटजी वाट्टेल ते बोलले. निम्मेच ऐकू आले, हा फुटक्या कानाचा एकमेव फायदा. पण गाडीवान परत कामावर आला. माझी बैठक शेटजींच्या उजव्या हाताला हलली, म्हणजे माझा डावा कान त्यांच्याकडे झाला.

दोनेक महिन्यांनी कान मोकळा झाला. तिला सांगायला धावलो, तर जागा रिकामी. शेजारची कांदेवाली म्हणाली, पोरांनी वांग्याचा मळा मोडून कापूस पेरला, म्हातारी आता काय विकणार?

वेचणीच्या दिवसांत मी तिच्या गावी गेलो. ती पाठमोरी कापूस वेचत पुढे चालली होती. बांधावरून मी दोन हाका मारल्या, त्याही तिच्या फुटक्या कानाच्या बाजूने. मग माझे मलाच हसू आले, आणि वाट बघत उभा राहिलो. ओळ संपवून ती वळायला बराच वेळ लागला.

वळली. मला ओळखून हळूच म्हणाली, "येते आयकू?"

शेवटची भेट ती. पुढच्या वेचणीला ती नव्हती. ते दोन शब्द मात्र मला लांबून, दोन्ही कानांनी ऐकू आले होते.